एका फेरीतला दात

एका दिवसात दात बसवून देणारा माणूस वऱ्हाडाला नवा नाही. आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून लाकडी पेटी, हातआरसा आणि काचेच्या बरणीत प्लास्टिकचे दात घेऊन बसणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. गुलाबी पूड, नाकाला झोंबणारं पातळ रसायन, दोन्ही कालवून केलेला गोळा. तो गेलेल्या दाताच्या जागी हिरडीवर दाबायचा, शेजारच्या दोन दातांना तारेने किंवा त्याच मसाल्याने पकडून ठेवायचा, सुकला की कानशीने घासायचा. घट्ट होताना तो मसाला तापतो आणि हिरडी पोळते, पण ते गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी कळत नाही. त्याखाली अन्न अडकतं, पकडलेले दोन्ही दात किडतात, दोन-तीन वर्षांत एकाऐवजी तीन दात जातात. नोंदणी नसलेल्या माणसाने हा धंदा करणं 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून बेकायदा आहे. तरी तो चालतो.

का चालतो, हा प्रश्न दंतवैद्यांनी स्वतःला विचारला पाहिजे. स्वस्त पडतो, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं की बाजाराला आलेला माणूस बी-बियाणं, मीठ-मिरची आणि दात, सगळं एकाच फेरीत उरकून घरी जातो. शिकलेला, नोंदणीकृत, निर्जंतुक हत्यारं वापरणारा डॉक्टर त्याला सांगतो, ‘पुढच्या सोमवारी या.’ मग त्याच्या पुढच्या सोमवारी. आणि त्याच्याही पुढच्या.

आता शहरांतून एक नवी पाटी दिसू लागली आहे: ‘सिरॅमिक कॅप एकाच दिवसात.’ तोंडात छोटा कॅमेरा फिरतो, पडद्यावर दाढ उभी राहते, शेजारच्या खोलीतलं यंत्र सिरॅमिकच्या ठोकळ्यातून ती कोरून काढते आणि दोन-तीन तासांत रुग्ण कायमची कॅप बसवून बाहेर पडतो. पुण्या-मुंबईत हे ऑफिसातून अर्धी रजा काढून आलेल्या माणसाची सोय म्हणून विकलं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही सोय चुकीच्या गिऱ्हाइकाला विकली जाते आहे. कोथरूडच्या माणसाला दुसरी फेरी म्हणजे वीस मिनिटांची रिक्षा. वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरच्या बाईला दुसरी फेरी म्हणजे बुडालेली मजुरी. फेरी वाचवणारं यंत्र जिथे फेरी महाग आहे तिथे पोचलं पाहिजे. ते पोचलेलं नाही, आणि ज्या रूपात ते विकलं जातं त्या रूपात पोचणारही नाही.

आधी फेरीचा हिशेब मांडू. दाढ ठणकते म्हणून रुग्ण आला. रूट कॅनालला साधारण दोन-तीन बैठका. त्यानंतर दाढ चहूबाजूंनी घासून माप घ्यायला एक, कॅप बसवायला एक. ‘उंच लागतेय, चावताना दुखतंय’ म्हणून आणखी एखादी. एकूण पाच धरा. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती. पाच दिवसांचे 1,560 झाले. साठीच्या बाईसोबत मुलगा किंवा सून येणार, म्हणजे 3,120. साधी धातूची कॅप तालुक्याच्या गावात याहून कमी पैशांत होते! मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट आहे. चांगलंच झालं. पण तिकीट अर्धं झालं म्हणून दिवस अर्धा होत नाही. सकाळच्या गाडीने निघालेला माणूस संध्याकाळच्या गाडीनेच परततो, मग डॉक्टरच्या खुर्चीत तो वीस मिनिटं बसलेला असो की दोन तास.

वाशिम जिल्ह्याची रचनाच अशी आहे. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत जेमतेम बारा लाख, आणि पाचांतले चार जण खेड्यांत राहणारे. पिकं सोयाबीन, तूर, कपाशी. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोंगणी. या दोन्ही वेळी दाढ कितीही ठणकली तरी माणूस लवंग दाबून शेतात राहतो. काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, बांधकामाला बाहेर पडतात. त्यांच्यासाठी ‘पुढच्या सोमवारी या’ याचा अर्थ पुढच्या उन्हाळ्यात या असा होतो.

म्हणून इथल्या खुर्चीत एक वाक्य वारंवार ऐकू येतं: ‘काडूनच टाका साहेब, घडीघडी याले नाई जमत.’ हे अडाणीपणाचं वाक्य नाही. बोलणाऱ्याने हिशेब केलेला आहे. दाढ काढणं म्हणजे एक फेरी, वाचवणं म्हणजे पाच, आणि जगण्याच्या गणितात त्याला एकच परवडते. त्याला दाताचं महत्त्व समजावून सांगणारी पत्रकं आपण खूप छापली. त्याचा हिशेब बदलण्यासाठी फारसं काही केलं नाही.

याहून वाईट गत मधेच सुटलेल्यांची. रूट कॅनाल झालं की ठणका थांबतो. दुखणंच गेलं म्हटल्यावर माणूस कॅपसाठी परत कशाला येईल? दंतवैद्यांना हा अनुभव इतका नेहमीचा आहे की ते त्याबद्दल तक्रारही करत नाहीत. पण आतला मगज काढून टाकलेली दाढ किडीने आणि डॉक्टरने पोखरून पातळ झालेली असते. तिच्या भिंती ज्वारीच्या भाकरीला, सुपारीला फार दिवस तोंड देत नाहीत. एक दिवस ती उभी चिरते आणि मग काढण्यावाचून इलाज उरत नाही. अक्विलिनो आणि कॅप्लान यांनी 2002 साली आयोवा विद्यापीठातल्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं होतं की रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्यांच्या सहापट वेगाने जातात. म्हणजे पहिल्या तीन फेऱ्यांचे पैसे, सुया, वेळ, सगळं पाण्यात. पाचातल्या शेवटच्या दोन फेऱ्यांची एक झाली, किंवा तीही रूट कॅनालच्या शेवटच्या बैठकीत मिसळली, तर हा दात वाचतो. एका दिवसाच्या कॅपची खरी गुणवत्ता माझ्या मते इथे आहे. बाकीचं, हॉटेलसारखं वेटिंग रूम आणि पडद्यावर फिरणारा दात, ही सजावट.

यंत्राची कहाणी सांगायला हवी, कारण तिच्यात आपल्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. तोंडात प्रकाश टाकून दाताचं माप घ्यावं ही कल्पना फ्रान्समध्ये फ्रान्स्वा द्युरे यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. पण खुर्चीशेजारी ठेवता येईल असं यंत्र झ्युरिकमध्ये झालं. तिथल्या विद्यापीठातले दंतवैद्य वर्नर म्योर्मान आणि विद्युत अभियंता मार्को ब्रँडेस्टिनी या दोघांनी 1980 च्या सुमारास काम सुरू केलं आणि सप्टेंबर 1985 मध्ये रुग्णाच्या तोंडात पहिला सिरॅमिक तुकडा एकाच बैठकीत बसवला. पुढे सीमेन्सने ते ‘सेरेक’ नावाने बाजारात आणलं. सीमेन्सचा दंत विभाग 1997 मध्ये ‘सिरोना’ झाला, आणि 2016 पासून तो डेंट्सप्लाय सिरोना आहे.

आता लक्षात घेण्याची गोष्ट. म्योर्मान यांनी 1985 मध्ये बसवली ती कॅप नव्हती. तो इनले होता, म्हणजे दाढेच्या खड्ड्यात नेमका बसणारा तुकडा. त्यांना प्रश्न पडला होता खड्डा भरण्याचा. पाऱ्याचं अमाल्गम काळं दिसतं. त्या काळचं पांढरं सिमेंट घट्ट होताना आकसायचं आणि कडेला फट पडायची. बाहेर कोरलेला सिरॅमिक तुकडा आत चिकटवला तर आकसायला उरतो फक्त मधला पातळ थर. दाताचा चांगला भाग घासायचा नाही, गेलेला तेवढाच भरून काढायचा, हा त्या यंत्रामागचा मूळ विचार. आज तेच यंत्र प्रामुख्याने ‘कॅप’ म्हणून विकलं जातं, आणि कॅप म्हटली की दाढ चहूबाजूंनी घासणं आलं. हा घसरणीचा प्रवास तंत्रज्ञानाने केलेला नाही. इनलेपेक्षा कॅपचे पैसे जास्त मिळतात आणि कॅप करायला सोपी जाते, एवढंच त्याचं कारण. वाशिमला हे यंत्र यायचं असेल तर ते आपल्या मूळ स्वभावासकट यावं असं मला वाटतं. तिशीतल्या मजुराची अर्धी किडलेली दाढ अर्धीच दुरुस्त झाली तर उरलेला अर्धा दात पुढच्या दुरुस्तीसाठी शिल्लक राहतो.

हे तुकडे टिकतात का? स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावच्या टोबियास ओटो या खासगी दंतवैद्याने 1989 ते 1991 मध्ये, म्हणजे यंत्र बाल्यावस्थेत असताना, बसवलेल्या 200 इनले आणि ऑनले (दाढेचे उंचवटेही झाकणारे मोठे इनले) यांचा पाठपुरावा केला. सतरा वर्षांनी 88.7 टक्के आणि सत्तावीस वर्षांनी 87.5 टक्के टिकण्याचं प्रमाण त्याने नोंदवलं. आकडे दांडगे आहेत. पण ते आराऊचे आहेत. तिथले रुग्ण वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिले, आणि त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा नव्हता. इकडे ते थोडे कमी उतरले तरी चालेल असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. पण किती कमी उतरतील हे इथे कुणीतरी मोजायला हवं.

प्रत्यक्षात काय घडतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. जाडसर पेनाएवढा स्कॅनर दाढांवरून फिरतो तेव्हा पडद्यावर तुकड्या-तुकड्याने जबडा जुळत जातो. जिथे लाळ किंवा रक्त असेल तिथे भोक राहतं. खालचा जबडा, वरचा जबडा, मग दात मिटून बाजूने एक फेरी, म्हणजे चावा कळला. सॉफ्टवेअर दाढेचा आकार सुचवतं. डॉक्टर तिची कड, म्हणजे घासलेल्या भागाची सीमारेषा, माउसने तपासतो, आणि डॉक्टरचं कसब इथेच दिसतं. लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा यंत्रात लावला की हिऱ्याच्या दोन बारीक सुया पाण्याच्या फवाऱ्यात पंधराएक मिनिटं त्याला दोन्हीकडून कोरतात. बाहेर येते ती दाढ जांभळट निळी असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्काच बसतो. ती तोंडात घालून पाहायची, चावा जुळवायचा, आणि मग साधारण 840 अंशांच्या भट्टीत वीस-पंचवीस मिनिटं ठेवायची. भट्टीत तिच्यातले स्फटिक वाढतात, ती कठीण होते आणि दातासारखी पिवळसर पांढरी होऊन बाहेर पडते. आतल्या बाजूला आम्लाने वीसएक सेकंद खरखरीतपणा आणायचा, सिलेन लावायचं, रेझिन सिमेंटने चिकटवून निळा प्रकाश मारायचा. या चिकटवण्याच्या वेळी दात कोरडा ठक्क हवा. हिरडीतून रक्त झिरपत असेल तर सगळी करामत दोन महिन्यांत हातात येते.

या साखळीत घाई करून चालत नाही, हे घाई विकणाऱ्यांनीही शिकलेलं आहे. थ्रीएम कंपनीचा ‘लाव्हा अल्टिमेट’ हा ठोकळा भट्टीत भाजावाच लागत नसे; कोरा आणि चिकटवा. त्याच्या कॅपा सुटून यायचं प्रमाण इतकं वाढलं की 2015 मध्ये कंपनीनेच कॅपसाठी तो वापरू नका असं जाहीर केलं. झिर्कोनियाचं उलटं आहे. तो भट्टीत सुमारे वीस टक्के आकसतो, म्हणून आधी मोठा कोरायचा आणि मग दीड हजार अंशांच्या आसपास भाजायचा. नेहमीच्या भट्टीत याला कित्येक तास लागतात; एका दिवसात हवा असेल तर खास जलद भट्टी घ्यावी लागते. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की भट्टीतला दात वाया. म्हणून भट्टीआधी भरवशाचा इन्व्हर्टर घ्यायचा, हे कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत नसतं.

आणि किंमत. स्कॅनर, कोरणारं यंत्र, भट्टी, सॉफ्टवेअर असा सगळा संच घेतला तर तो कितीतरी लाखांत जातो. समजा 35 लाखांना पडला आणि सात वर्षं चालला. व्याज, ठोकळे, सुया, देखभाल सगळं बाजूला ठेवलं तरी महिन्याला जवळपास 42 हजार रुपये निव्वळ यंत्रापोटी निघायला हवेत. एका कॅपमधून यंत्रासाठी दोन हजार काढले तर महिन्याला एकवीस कॅपा, दर महिन्याला, पेरणीच्या महिन्यातही. शिवाय शहरात अशी कॅप दहा-पंधरा हजारांना जाते. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 साठी क्विंटलला 5,328 रुपये होता. म्हणजे एका दाढेला दोन-तीन क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. आणि तो बाजार समितीत मिळतोच असं नाही, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. या भावाने कारंज्याचा किंवा रिसोडचा एकटा डॉक्टर हे यंत्र घेणार नाही. घेतलंच तर कर्ज फेडण्यासाठी ज्या दाढेला नुसतं सिमेंट पुरलं असतं तिलाही कॅप सुचवेल. यात त्याची नियत खराब असण्याची गरज नाही. महिन्याचा हप्ता माणसाचं निदान हळूहळू वाकवतो, आणि तो शिकलेल्या माणसाचंही वाकवतो.

इथपर्यंत आलं की चर्चा नेहमी दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक म्हणते, चार वर्षं थांबा, यंत्रं स्वस्त होतील. दुसरी म्हणते, गरिबांना आधी ब्रश द्या, तंबाखू सोडवा, सिरॅमिक कसले लाड! दुसरीत तथ्य आहे, आणि तरी ती मला नेहमीच संशयास्पद वाटत आली आहे. प्रतिबंध उद्याच्या किडीवर चालतो. आज फुटलेल्या दाढेला त्याचा उपयोग नाही. शहरात दोन्ही एकत्र चालतात, आणि खेड्याचा विषय निघाला की मात्र एकाची निवड करायला सांगतात. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे. ती असूनही विदर्भात खर्रा कुठे मिळतो हे विचारावं लागत नाही. तंबाखू सुटेपर्यंत दात थांबत नाहीत.

मला दोन्ही वाटा पटत नाहीत, कारण दोन्हींनी ‘संच’ हे गृहीत धरलेलं आहे. स्कॅनर, कोरणी आणि भट्टी एकाच खोलीत असली पाहिजेत असं दंतशास्त्र सांगत नाही. ते विक्रेत्याने सांगितलं आहे.

आज वाशिमच्या दवाखान्यात काय चालतं ते पाहा. डॉक्टर दाढ घासतो, ट्रेमध्ये पुट्टी भरून माप घेतो, ते खोक्यात घालून कुरिअरने किंवा ट्रॅव्हल्सच्या गाडीने अकोला, अमरावती, नागपूर, नाहीतर पुण्याच्या लॅबला पाठवतो. तिथे त्यात दगडी प्लास्टर ओतून जबडा उभा करतात. आणि मग? रुग्णाने झिर्कोनिया घेतला असेल तर बहुतेक मोठ्या लॅबमध्ये तो प्लास्टरचा जबडा स्कॅन करतात, संगणकावर कॅप आखतात आणि यंत्रात कोरतात. म्हणजे संगणकावर आखलेला दात वाशिमच्या तोंडात केव्हाच येऊन बसला आहे. रुग्णाला त्याची खबर नाही एवढंच. सगळा वेळ जातो रबराच्या प्रवासात. माप रस्त्यात तापलं, दाबलं गेलं, कडेला फाटलेलं निघालं की लॅबवाल्याचा फोन येतो, ‘सर, मार्जिन दिसत नाही, परत माप पाठवा,’ आणि रुग्णाची एक फेरी वाढते.

म्हणून या रबराची जागा स्कॅनरने घ्यावी, एवढा बदल पुरेसा आहे. नुसता स्कॅनर आता काही लाखांत मिळतो, पूर्ण संचाच्या पासंगालाही नाही. स्कॅन केलेली फाइल फोनच्या इंटरनेटवरून जाते. कड नीट दिसत नसेल तर ते रुग्ण खुर्चीत असतानाच पडद्यावर कळतं आणि तिथल्या तिथे पुन्हा फिरवता येतं. दुसऱ्या मापाची फेरी अशीच वाचली. कोरणारं यंत्र जिल्ह्यात एक असलं तरी भागतं. सकाळी मानोऱ्यात माप, दुपारी वाशिमला कोरणी, संध्याकाळच्या गाडीने कॅप परत. तीच रात्र गाठली नाही तरी दुसरा दिवस नक्की. मुक्कामाची सोय असलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी मोकळा होतो. किंवा डॉक्टर रूट कॅनालच्या शेवटून दुसऱ्या बैठकीतच वरचा आकार ठरवून माप घेऊन ठेवतो आणि शेवटच्या बैठकीत कॅप तयार असते. तीन तासांचा चमत्कार यात नाही. पण पाचाच्या तीन फेऱ्या होतात, आणि त्यासाठी कुणाला पस्तीस लाखांचं कर्ज काढावं लागत नाही.

अडचण एक आहे, आणि ती तांत्रिक नाही. या क्षेत्रातल्या कंपन्यांनी बरीच वर्षं आपल्या स्कॅनरची फाइल आपल्याच यंत्रात चालेल अशी व्यवस्था ठेवली. कुलूपबंद फाइल म्हणजे डॉक्टर एका कंपनीला बांधलेला. आता एसटीएलसारख्या सगळीकडे चालणाऱ्या फाइली बहुतेक स्कॅनर देतात, तरी वर्षाला भरायची फी, परवाने, ‘क्लाउड’चे पैसे या वाटांनी तीच दावण पुन्हा गळ्यात येते. खरेदी करणाऱ्याने यंत्राच्या रंगापेक्षा या अटी आधी वाचाव्यात.

हे कोण करणार? सहकार म्हटलं की विदर्भातला वाचक हसेल, आणि त्याला हसायचा अधिकार आहे. खासगी लॅब करू शकते. दहा-पंधरा दवाखान्यांचं काम मिळालं तर वाशिममध्ये कोरणारं यंत्र ठेवणं तिला परवडेल, आणि लॅबमधल्या कारागिरांचं कामही जाणार नाही. मेणात दाढ घडवणारा, पोर्सिलेनचे थर चढवणारा माणूस दाढेची ठेवण जाणतो. माउस हातात दिला तर सॉफ्टवेअरने सुचवलेल्या सपाट दाढेला उंचवटे कुठे हवेत ते त्यालाच कळतं. पण खासगी लॅब भाव खासगीच लावणार. म्हणून मला सरकारी वाट जास्त महत्त्वाची वाटते.

वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं; ऑक्टोबर 2024 मध्ये उद्घाटन झालेल्या दहा महाविद्यालयांत ते होतं. त्याच महिन्यात जिल्ह्यातल्या पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, म्हणजे जिल्हा नकाशावर आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगावजवळून जातो. नीती आयोगाने 2018 मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशिम आहे. पण त्या योजनेतल्या 49 निर्देशकांत दात, तोंड, हिरडी असा एकही शब्द नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याची बैठक होत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल होऊन घेण्याचे उपचार येतात. रूट कॅनालनंतरची कॅप तिच्या चौकटीत बसत नाही. सरकारी दवाखान्यातला दंतवैद्य मुख्यतः दात काढतो, कारण तेवढंच करण्याची सामग्री आणि वेळ त्याच्याकडे असतो. तोही बिचारा एका अर्थी बाजारातल्या माणसासारखाच अडकलेला: एका फेरीत जे बसेल ते.

तेव्हा सरकारी दवाखान्यांतून सहा तालुक्यांत सहा स्कॅनर, वाशिमला एक कोरणी आणि एक भट्टी. काळजी कशाची घ्यायची तेही ठाऊक आहे. फीत कापून आणलेली यंत्रं सुया संपल्या म्हणून, देखभालीचा करार संपला म्हणून किंवा शिकलेला तंत्रज्ञ बदलून गेला म्हणून कापडाखाली पडून राहतात. त्यामुळे खरेदीच्या निविदेतच पाच वर्षांचे ठोकळे, सुया आणि देखभाल धरावी, आणि तंत्रज्ञाचं पद यंत्राआधी भरावं. सगळ्याच दाढांना सिरॅमिक द्यायचाही हट्ट नको. मागच्या दाढेला, पक्क्या सुपारीखाऊ माणसाला, हिरडीखाली गेलेल्या किडीला धातूची कॅप अजूनही चांगली. ती दाढ कमी घासून बसते आणि थोडा ओलावा सहन करते. हिरडीखालचं, रक्ताखालचं स्कॅनरला दिसतही नाही. सुपारीने ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही त्यांच्या तोंडात स्कॅनर शिरणार नाही. त्यांचं दुखणं कॅपच्या फार आधीचं आहे आणि त्यासाठी वेगळी व्यवस्था लागेल. रंगाचंही तसंच. दातांच्या नेहमीच्या रंगपट्टीवर सोळा छटा असतात. मशेरीने तपकिरी झालेल्या दातांशेजारी त्यातली कुठलीही बसवली तरी ती उपरीच दिसते. समोरचे दात वगळता याचं कुणाला फार वाईट वाटेल असं मला वाटत नाही.

सुरुवात जिल्ह्याच्या गावी करण्याचा मोह होईल, तो टाळावा. वाशिम शहरातल्या माणसाला फेऱ्या जमतात. पहिला स्कॅनर मानोऱ्याला ठेवावा, तिथल्या तांड्यांवरच्या लोकांना तो वापरू द्यावा, आणि वर्षभर एकच नोंद ठेवावी: इथे रूट कॅनाल झालेल्या किती जणांच्या दाढेवर महिन्याच्या आत कॅप बसली. शेजारच्या तालुक्यात जुन्याच पद्धतीने, पुट्टी आणि कुरिअरवर, हीच नोंद ठेवली तर तुलना करायला दुसऱ्या अभ्यासाची गरज पडणार नाही. दोन्ही आकडे सारखेच निघाले, तर पैसे परत ब्रशवर आणि तंबाखूमुक्तीवर खर्च करायला माझी हरकत नाही.